सुरतेच्या ग्रंथालयातली आवाजाची खोली

प्रिय मीरा आणि अनय,

मीरा, मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक काचेची खोली आहे. तिथे मुलं मायक्रोफोन लावून आपापले कार्यक्रम तयार करतात आणि कॅमेरासुद्धा पुस्तकासारखा नावावर लिहून घरी नेता येतो. वर तू विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी लायब्ररीत नुसती पुस्तकंच असायची ना?" याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं. शिवाय पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर काही दिवस लिहिणं बंद. म्हणून आजच बसले. अनय, तू म्हणतोस की आजी सगळं मुद्देसूद सांगते आणि त्यात गंमत मरते. या वेळी मुद्दे बाजूला ठेवायचा प्रयत्न करते.

ही गोष्ट एकाहत्तरच्या जानेवारीतली. मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. हंसाबेन सुरतेच्या एका कॉलेजात माझ्यासारखंच काम करायच्या. आम्ही दोघींनी बडोद्याला ग्रंथपालनाचं शिक्षण एकत्र घेतलं होतं. त्यांचं पत्र आलं ते असं: "माझ्या ग्रंथालयात एक खोली आहे, तिथे पुस्तकं ठेवत नाहीत, बनवतात. ती खोली काढून घ्यायच्या आत बघायला या. आणि मला तुमची गरजही आहे."

मला असल्या खोलीचं वेड लागलेलं होतंच. मासिकांतून वाचत होते की परदेशात ग्रंथालयं टेपरेकॉर्डर ठेवतात, स्लाइड तयार करून देतात. आपल्याकडे हे कुणी करतंय, तेही एका गाडीच्या अंतरावर, हे कळल्यावर मला घरात चैन पडेना. प्राचार्यांकडे रजा मागितली तर ते म्हणाले, "सुरतेला? साड्या घ्यायला की काय?" तुमचे आजोबा म्हणाले, "घारी आण." घारी ही सुरतेची कोजागरीच्या सुमाराची मिठाई, ती जानेवारीत मिळत नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तापीच्या सोबतीनं

जळगावहून सुरतेला जाणारी गाडी तापीच्या खोऱ्यातून जाते. नदी सगळीकडे दिसत नाही, पण आहे हे कळत राहतं. नवापूरनंतर स्टेशनांवरच्या पाट्यांची लिपी बदलते. बारडोलीला डब्यात उसाच्या रसाचा, मळीचा गोड-आंबूस वास शिरला आणि सगळे एकदम जागे झाले.

माझ्या समोर एक बाई वांग्यांचं पोतं पायाशी घेऊन बसली होती. सुरतेत वांगी मिळत नाहीत का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मिळतस ना. पन त्या वांगास्ले चव नही. भरीत करो का चिखल करो, सारखंच." सुरतेच्या अलीकडच्या उधन्याला ती उतरली आणि तिच्याबरोबर जवळजवळ अर्धा डबा उतरला. ट्रंका, गोधड्या, लसणाच्या जुड्या, मुलं. सगळी बोलणी अहिराणी. फलाटावर मात्र गुजराती पाट्या. क्षणभर वाटलं, धुळ्याचा एक तुकडा कुणीतरी उचलून इथे आणून ठेवलाय.

गुलाबी पट्टा

दोन दिवसांवर संक्रांत होती. सुरतेत संक्रांत म्हणजे पतंग, हे मी ऐकून होते. पतंगाच्या आधी मांजा रंगवतात आणि तो भर रस्त्यात रंगवतात, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन खांबांमध्ये दोरे ताणलेले, त्यावरून माणसं हातात गुलाबी लगदा धरून पुढे-मागे चालतायत. रिक्षातून उतरून मी हातातला पत्ता वाचत सरळ त्यांच्यात घुसले. "ओ बेन! ओ बेन!" असा ओरडा झाला. मी थांबले तेव्हा माझ्या पांढऱ्या सुती साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका गुलाबी पट्टा उमटला होता. रंगवणाऱ्याला साडीची नाही, दोऱ्याची काळजी. काच लागली का, म्हणून त्यानं माझा हात मात्र नीट बघितला.

कॉलेजच्या दारात हंसाबेन उभ्या होत्या. बुटक्या, चष्मेवाल्या, पदर कमरेला खोचलेल्या. "आवो आवो, मालतीबेन! अरे, आ साडीने शुं थयुं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत हसत सुटल्या. "चला, सुरतनी छाप बसली तुमच्यावर!" त्यांचं मराठी बडोद्यातल्या मराठी शेजाऱ्यांकडून शिकलेलं होतं. क्रियापदं मराठी, बाकी सगळं जे हाताशी येईल ते.

मी म्हटलं, "आधी खोली दाखवा. चहा नंतर."

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, नियतकालिकांच्या मागे ती खोली होती. मुलांनो, तुमच्या काचेच्या खोलीशी तिची तुलना करू नका. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, त्यावर जुन्या गाद्या उभ्या बांधलेल्या. दाराच्या आतल्या बाजूनं गोधडी. खिडकी बंद करून फटींत जरीच्या कारखान्यातल्या चिंध्या कोंबलेल्या, त्यामुळे ती खिडकी अंधारात बारीक चमकायची. टेबलावर दोन मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर आणि एक मायक्रोफोन. दारावर लाल दिवा. बाजूच्या छोट्या खोलीत फोटो धुवायची व्यवस्था होती. ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे त्याच्या पानांचे फोटो काढून तिथे स्लाइड बनवत आणि प्राध्यापक त्या वर्गात पडद्यावर दाखवत. वनस्पतिशास्त्राच्या मुलींनी ज्वारीच्या कणसाच्या स्लाइड स्वतः केल्या होत्या. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी उच्चारांच्या फिती होत्या. त्या फिती पुस्तकासारख्याच क्रमांक देऊन कपाटात उभ्या ठेवलेल्या, पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली.

मी एकेक फीत काढून बघत होते, परत जागेवर ठेवत होते, पुन्हा काढत होते. लहान मूल मिठाईच्या दुकानात असतं तशी.

हे यंत्र सांभाळायचे रमणभाई. ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं घेत आणि उरलेला वेळ इथे. त्यांचं गुजराती मी मराठी करून लिहितेय. त्यांनी मला मायक्रोफोनपुढे बसवलं आणि काहीही बोला म्हणाले. मी म्हटलं, "मी जळगावहून आले आहे. माझ्या साडीला रंग लागला आहे." त्यांनी फीत मागे फिरवली आणि लावली.

"ही कोण बाई?" मी विचारलं.

"तुम्हीच," रमणभाई म्हणाले.

"शक्य नाही. ही फारच कडक आहे."

हंसाबेन म्हणाल्या, "बधाच असं बोलतात. फक्त प्रिन्सिपलसाहेब बोलले नाहीत. ते बोलले, वाह, काय आवाज छे!"

मग चहा पिताना त्यांनी मला खरी अडचण सांगितली. ही खोली त्यांनी भांडून, विनवून मिळवली होती. आता विश्वस्तांना ती टेबल-टेनिसला द्यायची होती. त्यांचं म्हणणं असं, की ग्रंथालयाचं काम पुस्तकं देणं, वस्तू तयार करणं नव्हे. ते काम कारखान्याचं. शनिवारी विश्वस्त प्रत्यक्ष येऊन एक फीत ऐकणार होते आणि तिथल्या तिथे निकाल देणार होते. मागच्या खेपेला त्यांना एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकवलं, तेव्हा एक विश्वस्त झोपले.

"म्हणून मला असं कंई हवं," हंसाबेन म्हणाल्या, "जे दुनियेत कुठल्या पुस्तकात नाही."

ते त्यांना सापडलंही होतं. निर्मला नावाची एक विद्यार्थिनी होती, उधन्याला राहणारी, बी.ए.ला शिकणारी. तिचे वडील शिंदखेड्याकडून गिरणीत कामाला आलेले. तिची आजी, तुळसाबाई, गोष्टी सांगायची. गोष्टी अहिराणीत, म्हणून भाषा समजणारं माणूस हवं होतं. ते माणूस मी.

बांगड्या

बुधवारी सकाळी तुळसाबाई आल्या. उंच, किडकिडीत बाई, नऊवारी लुगडं, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बरोबर त्यांचे यजमान. ते बाहेर नियतकालिकांच्या टेबलाशी टोपी मांडीवर घेऊन बसले आणि सगळा वेळ एकाच मासिकाचं एकच पान बघत राहिले.

निर्मला जरा घाबरलेली होती. मला हळूच म्हणाली, "बाई, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणतात. आजी नाही म्हणाली तर?"

आजीनं ते ऐकलं. "हिना मामा पांडेसराले रंगखातामा से," तिनं मला समजावलं. "भोंगा वाजस तवय घर येस. तो कोठे वाट चुकी?"

अडलं ते दुसरीकडेच. रमणभाईंनी त्यांना मायक्रोफोनपुढे बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. हात हलला की बांगड्या वाजत होत्या. ते हिंदीत म्हणाले, "माजी, चूडी निकालनी पडेगी."

तुळसाबाई ताडकन उठल्या. "माले बांगड्या काढ म्हनस? मना धनी भायेर बठेल से. त्याले इचारी ये पहिले!"

रमणभाईंना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. ते माझ्याकडे बघू लागले. मी माझा आणि हंसाबेनचा असे दोन रुमाल घेतले आणि दोन्ही हातांच्या बांगड्या गच्च बांधून टाकल्या. तुळसाबाईंनी हात उलटसुलट करून बघितले. "जखम व्हयनी वाटस," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

लाल दिवा लागला. रमणभाईंची शिस्त अशी, की दिवा लागल्यावर खोलीत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. हंसाबेन, निर्मला, मी, तिघी गाद्यांना पाठ लावून पुतळ्यासारख्या उभ्या. चकत्या फिरू लागल्या.

"एक व्हती पोर," तुळसाबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत. "तिले तापीना त्या पार दिन्ही व्हती."

आणि थांबल्या.

आम्ही वाट बघितली. रमणभाईंनी हातानं पुढे चला अशी खूण केली.

"रोज संध्याकायले ती नदीवर ये."

पुन्हा थांबल्या. आमच्या एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. आणखी एक वाक्य झालं, तेही अर्ध्यातून पडलं. शेवटी त्यांनी रुमाल सोडायला सुरुवात केली. "नही जमत," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर जाऊन यजमानांना उठवलं. फितीवर उरली ती चार-पाच तुटकी वाक्यं, मधे लांबच लांब शांतता आणि त्या शांततेत खिडकीच्या चिंध्यांमधूनही आत आलेला पतंग कापल्याचा कुणाचा तरी ओरडा, "काप्यो छे!"

"यंत्राची भीती वाटली," रमणभाई म्हणाले. आम्हां सगळ्यांना ते पटलं.

हंसाबेननी लाल दिवा पुसून घेतला. तो पुसायची काहीच गरज नव्हती.

पोंक

अशा वेळी सुरतेचा माणूस काय करतो? खातो. संध्याकाळी हंसाबेन मला तापीच्या काठी घेऊन गेल्या. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण हे सुरतेत सांगू नका. आपण शेतात जातो, आगटीभोवती बसतो, हात भाजून घेतो. इथे भट्टीवर भाजून, साफ करून, हिरवे मोत्यासारखे दाणे कागदाच्या पुड्यात देतात. वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. मी साखर बाजूला काढली तेव्हा विक्रेत्यानं विचारलं, "बेन बीमार छे?"

मी शेव जास्त घेतली आणि मिऱ्याचा दाणा घशात गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. हंसाबेन पाठीवर थापटत होत्या आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते मिऱ्याचं नव्हतं.

"टेबल-टेनिसला मी ना नाही बोलत," त्या म्हणाल्या. "पण ते खाली पण खेळता येईल. आ खोली बीजे क्यां मळशे?"

अशी खोली दुसरीकडे कुठे मिळणार, हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या कॉलेजात तर तिचं स्वप्नसुद्धा पडायचं बाकी होतं. मी ठरवलं, उद्या उधन्याला जायचं. गोष्टीसाठी नाही, निदान त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून.

उधना

गुरुवारी, संक्रांतीच्या दिवशी, निर्मलेनं मला घरी नेलं. चाळीच्या रांगा, दोन्ही बाजूंनी सणालाही न थांबणाऱ्या यंत्रमागांची खटखट, इतकी की दाराशी उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागे. घरात शिरल्यावर मात्र वास थेट खानदेशाचा. वांगी भाजली जात होती. निर्मलेच्या आईनं भरीत, कळण्याची भाकरी, कच्चा कांदा वाढला, आणि भरितावर मूठभर सुरती शेव टाकली. मी चमकून बघितलं.

"गावाकडे सांगू नका," ती हसून म्हणाली. "पोरांना सवय लागली."

पुण्यात माझ्या आईच्या आमटीत गूळ असायचा, जळगावनं मला तिखट खायला शिकवलं, आणि इथे दोन्हींचं भांडण एका ताटात मिटलं होतं. मी दोनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर तुळसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. शेजारची पोरं आपोआप जमली. एकानं म्हटलं, "नदीवाली सांग." आणि मुलांनो, तीच बाई, तीच गोष्ट, माग खटखटतायत, रस्त्यावर पतंग, आणि तिच्या तोंडून गोष्ट धबाधबा वाहायला लागली.

"एक व्हती पोर."

"हं," पोरं म्हणाली.

"तिले तापीना त्या पार दिन्ही व्हती."

"हं."

"रोज संध्याकायले ती नदीवर ये."

"हं!"

प्रत्येक वाक्याला हं. पोरांतली एक मुलगी शेंगा खाण्यात गुंतली आणि तिचा हं चुकला, तर तुळसाबाई वाक्य गिळून तिच्याकडे बघत राहिल्या. मुलीनं घाईनं "हं, हं" केलं तेव्हा कुठे गोष्ट पुढे सरकली.

मी उठून उभी राहिले. "तुळसाबाई, काल आम्ही गप्प होतो म्हणून तुम्ही थांबलात?"

"मंग काय करू?" त्या म्हणाल्या. "मी काय भीतले गोट सांगी राह्यनी का? हुंकारा नही म्हनजे ऐकनारा झोपना, नाहीतर त्याले गोट आवडनी नही. चार मोठा मानसं तोंड शिवीसन उभा! मुक्कासना गावमा गोट नही सांगतस."

मी लहानपणी पुण्यात गोष्टी ऐकल्या त्या हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून. आमच्याकडे न बोलणं म्हणजे लक्ष देणं. इथे तेच न बोलणं म्हणजे उठून जाणं. आम्ही चौघांनी मिळून त्या बाईचा, आदबीनं, अगदी श्वास रोखून अपमान केला होता.

निर्मला कपाळावर हात मारून घेत होती. "मला कसं सुचलं नाही? मी रोज ऐकते. पण तो लाल दिवा बघितला आणि मला वाटलं, कॉलेजात गप्पच बसायचं असतं."

"उद्या याल?" मी तुळसाबाईंना विचारलं. "मी हुंकारा देते."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुले येस का?"

आता नाही, आता नाही

शुक्रवारी आधी रमणभाईंशी भांडण. त्यांच्या मते हुंकारा म्हणजे खरखर, ठसका, खोकला यांच्याच जातीतला आवाज. "स्वच्छ फीत बनवायची आणि तिच्यात मुद्दाम हं-हं घालायचं? विश्वस्त म्हणतील यंत्र बिघडलंय."

हंसाबेन म्हणाल्या, "रमणभाई, तुम्ही लहान हता त्यारे बा वार्ता सांगायची ना? होंकारो कोण द्यायचं?"

आईचं नाव निघताच रमणभाईंनी मायक्रोफोन थोडा सरकवला आणि त्याच्यासमोर दुसरी खुर्ची आणून ठेवली.

बांगड्यांना रुमाल. लाल दिवा.

"एक व्हती पोर."

"हं."

"तिले तापीना त्या पार दिन्ही व्हती."

"हं."

गोष्ट चालू लागली. तुम्हांला मी ती साध्या मराठीत सांगते. नदीपलीकडे दिलेली ती पोर रोज संध्याकाळी काठावर येऊन आईला हाक मारायची आणि नदी ती हाक पलीकडे पोचवायची. एक दिवस नदी म्हणाली, फुकट किती दिवस वाहू? काहीतरी दे. पोरीनं पायातलं वाळं दिलं. दुसऱ्या दिवशी नथ दिली. मग डोक्यावरची घागर, मग अंगावरचं नवं लुगडं.

मी इतकी गुंतले होते की नदी तोंड उघडायच्या आतच "हं" म्हणून गेले.

"आते नही व!" तुळसाबाई माझ्यावर खेकसल्या. "नदी अजून बोलनी नही!"

रमणभाईंनी डोकं धरलं. पण यंत्र थांबवलं नाही, आणि तुळसाबाईही थांबल्या नाहीत. त्यानंतर मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले आणि कुठे लहान हं, कुठे लांब हंऽऽ, कुठे नुसती मान, हे हळूहळू उमजत गेलं. गोष्ट संपली तेव्हा फिरणाऱ्या चकत्यांवर फीत थोडीच उरली होती. तुळसाबाईंनी रुमाल सोडले, ते घडी करून आम्हांला परत दिले आणि म्हणाल्या, "शिकी जाशी."

हे प्रशस्तिपत्र मला माझ्या पदवीपेक्षा जास्त आवडलं.

शनिवार

तीन विश्वस्त आले. मुख्य विश्वस्त जरीचे व्यापारी, पांढरं धोतर, काळी टोपी, सगळे त्यांना शेठ म्हणत. दुसरे निवृत्त वकील. तिसरे ते झोपलेले. खोलीत खुर्च्या मावेनात म्हणून हंसाबेन आणि मी दाराच्या गोधडीला टेकून उभ्या. तुळसाबाई आणि त्यांचे यजमान बाहेर. निर्मलेला त्यांच्याजवळ बसवलं होतं, पण ती सारखी दारात डोकावत होती.

वकीलसाहेबांनी सुरुवातीलाच घड्याळ काढून ठेवलं. "पाच मिनिटं. नमुना ऐकू, बस्स."

फीत लागली. पहिल्या वाक्यानंतर माझा हं आला तेव्हा वकीलसाहेबांनी भुवया उंचावल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. "आते नही व!" ऐकल्यावर झोपणारे विश्वस्त टक्क जागे झाले आणि हसले. शेठ मात्र दगडासारखे बसलेले. हंसाबेननी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली.

पोरीनं लुगडं दिलं. नदी म्हणाली, आता तुझ्याकडे द्यायला काय उरलं?

आणि रमणभाईंनी, शब्दाचा पक्का माणूस, पाच मिनिटं झाली म्हणून यंत्र बंद केलं.

शेठची मान वर आली. "बंध केम कर्युं?"

"पाच मिनिटं झाली, शेठ."

"अरे, पण पछी शुं थयुं? पोरीए शुं आप्युं?"

वकीलसाहेब म्हणाले, "शेठ, प्रश्न तो नाही. प्रश्न हा की आपल्या गुजराती कॉलेजात ही मराठी वार्ता कशाला?"

"मराठी?" शेठ त्यांच्याकडे वळले. "मने तो बधुं समजायुं." त्यांना सगळं समजलं होतं. मग रमणभाईंना म्हणाले, "चालू करो."

चकत्या पुन्हा फिरल्या. पोर विचार करू लागली, असं तुळसाबाईंचा आवाज म्हणाला. त्यावर फितीतून माझा हं आला, आणि त्याच्या जोडीला खोलीत एक जाड, घोगरा हं. शेठचा. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. पुढच्या वाक्याला झोपणारे विश्वस्तही सामील झाले. पोर म्हणाली, "नदीमाय, आता माझ्याकडे एकच उरलंय. माझी सासू घे." नदी म्हणाली, "नको गं बाई!" आणि घाबरून अशी पळत सुटली की त्या दिवसापासून सगळ्या लेकींच्या हाका फुकट वाहून नेते.

शेठ हसू लागले ते थांबेनात. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. बाहेर कोण बसलंय ते कळल्यावर उठून तुळसाबाईंपुढे गेले आणि हात जोडले. तुळसाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हुंकारा चांगला दिन्हात तुम्हीन. भायेर ऐकू उना."

वकीलसाहेबांनी मात्र मुद्दा सोडला नाही, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. "हंसाबेन, वार्ता सरस होती. पण ग्रंथालयाचं काम वस्तू देणं आहे, बनवणं नाही, हे तर खरं ना?"

हंसाबेन तीन दिवस ज्याची तयारी करत होत्या ते इंग्रजी भाषण विसरल्या. त्यांनी फीत चकतीवरून काढली, हातात धरली आणि म्हणाल्या, "साहेब, आ चोपडी कुठे छापलीच नाही. मी कुठून आणू? आधी बनवू, पछी देऊ."

शेठ म्हणाले, "बराबर." वकीलसाहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं.

टेबल-टेनिसचं टेबल खाली मधल्या पडवीत लागलं. मी नानखटाई घेऊन घरी आले, आणि त्याच वर्षी जळगावच्या प्राचार्यांकडे खोली मागायला सुरुवात केली. ती मिळायला बराच काळ गेला, पण मिळाली.

तुळसाबाईंनी पुढच्या दोन हिवाळ्यांत त्या खोलीत आणखी गोष्टी सांगितल्या. हुंकारा निर्मलेनं दिला. नंतर हंसाबेन निवृत्त झाल्या, टेपरेकॉर्डर मोडीत गेला आणि खोलीत आता संगणक आहेत. बहुतेक फितींना दमट हवेनं बुरशी लागली. नदीच्या गोष्टीची फीत वाचली. निर्मलेनं तिची नवी नक्कल करून कॉलेजात ठेवली आहे आणि ती आजही मागितली की ऐकायला देतात. तिच्यावर तुळसाबाईंचा आवाज आहे, आणि माझा हं आहे.

तुमची,
आजी